यंत्र कोणाच्या नावावर?

आज आपण सीएसआरबद्दल बोलू. हा शब्द आपल्याला भेटतो तो पाट्यांवर. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, अंगणवाडीच्या भिंतीवर, नाहीतर शिलाई मशीनला चिकटवलेल्या कागदावर: ‘अमुक कंपनीच्या सीएसआर निधीतून’. बैठकीत विषय निघाला की बायका म्हणतात, कंपनीनं दान दिलं. आणि दान म्हटलं की तोंड बंद. धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे! आम्हाला वाटतं, दात बघायलाच हवेत, कारण हे दान नाही.

सीएसआर म्हणजे कंपनीचं सामाजिक दायित्व. २०१३ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी कलम १३५ आहे आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ते सगळ्या कंपन्यांना लागू नाही. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त असेल, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त असेल, किंवा देणी वजा जाता उरणारी मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त असेल, तर लागू. तिन्हीपैकी एक गोष्ट बसली तरी पुरे. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची. समजा तीन वर्षांत ८, १० आणि १२ कोटी नफा झाला. सरासरी १० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे २० लाख रुपये. हे पैसे खर्चले नाहीत तर कंपनीने ठरलेल्या मुदतीत ते सरकारी यादीतल्या निधीत भरायचे किंवा चालू प्रकल्पासाठी वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे. तेही केलं नाही तर दंड आहे. आपण गटात बचतीचा हप्ता चुकवला की दंड भरतो ना, तसंच.

खर्च कशावर करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. कुपोषण, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, उपजीविकेचं कौशल्य, महिलांचं सक्षमीकरण, पर्यावरण, ग्रामविकास असे विषय त्यात आहेत. आपल्या गटांची बहुतेक कामं या यादीत बसतात.

काय बसत नाही, ते जास्त लक्षात ठेवा. राजकीय पक्षाला दिलेली देणगी चालत नाही. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम चालत नाही. आपला माल खपावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व चालत नाही. हळदीकुंकवाला कंपनीने वाण म्हणून आपल्याच साबणाच्या वड्या वाटल्या, मागे मोठा फलक लावला, तर ती जाहिरात झाली. घ्या खुशाल, पण त्याला सीएसआर म्हणू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जे काम दुसऱ्या कायद्याने कंपनीवर बंधनकारकच आहे, ते यात मोजता येत नाही. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणं हे कारखान्याचं काम आहे, उपकार नव्हे. ओढ्यात काळं पाणी सोडायचं आणि ओढ्याकाठच्या शाळेला बाकं द्यायची, हा व्यवहार नीतीत बसत नाही. पैसा कसा वाटला हे पाहण्याआधी तो कसा मिळवला हे पाहायचं. कामावरच्या बायकांना किमान वेतन मिळतं का, पगार बँकेत येतो का, पाळणाघर आहे का. बाकं ठेवून घ्यावीत आणि पाण्याची तक्रारही करावी. एक घेतलं म्हणून दुसऱ्यावर गप्प बसायचा करार आपण कुठे केलाय?

आता पाटीवरच्या यंत्राकडे येऊ. बहुतेक कंपन्या गावात स्वतः काम करत नाहीत, एखाद्या संस्थेमार्फत करतात. अशा संस्थेला सीएसआर नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. २२ जानेवारी २०२१ रोजी सीएसआरच्या नियमांत मोठा बदल झाला. सीएसआरच्या पैशातून इमारत, यंत्र अशी टिकाऊ मालमत्ता झाली तर ती कंपनीला स्वतःकडे ठेवता येणार नाही. ती तिघांपैकी एकाकडे असावी: नोंदणी क्रमांक असलेली सेवाभावी संस्था, शासकीय यंत्रणा, किंवा ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे ते लाभार्थी. या लाभार्थींमध्ये नियमाने बचत गटांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. म्हणजे डाळ मिल, पापड यंत्र, पिठाची गिरणी गटाच्या मालकीची होऊ शकते. पण होऊ शकते, होईलच असं नाही. तिघांपैकी कोणाच्या नावावर करायची हे प्रकल्प लिहितानाच ठरतं, आणि त्या टेबलाशी आपण नसतो.

आमच्या भागातल्या एका गटाला डाळ मिल मिळाली होती. शेडचे पत्रे आणि थ्री-फेज कनेक्शन बायकांनी गटाच्या बचतीतून केलं. दोन हंगाम तूर भरडली, गिऱ्हाईक जमलं, आसपासच्या वस्त्यांवरून लोक येऊ लागले. तिसऱ्या वर्षी प्रकल्पाची मुदत संपली. संस्थेचा टेम्पो आला आणि मिल दुसऱ्या तालुक्यात गेली. बिल संस्थेच्या नावावर, मिल संस्थेच्या नावावर. गटाकडे उद्घाटनाचा फोटो आणि विजेचं मीटर राहिलं. नियमाने संस्थेला मालकी ठेवता येते, त्यामुळे तक्रार कुठे करणार? पण नियमात बसतं ते सगळं बरोबर असतं, असं आम्ही मानत नाही. ज्यांच्या नावाने पैसा आला, ज्यांनी शेड बांधली, त्यांना विचारल्याशिवाय यंत्र हलवणं हा प्रामाणिक धंदाही नाही आणि समाजकार्यही नाही.

म्हणून यंत्र उतरवून घेण्याआधी बैठक घ्या. संस्थेच्या ताईंना, साहेबांना चहा द्या आणि सरळ विचारा: बिल कोणाच्या नावावर होणार? प्रकल्प किती वर्षांचा? संपल्यावर यंत्र कोणाचं? दुरुस्तीचा खर्च कोण करणार? मिळालेली उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा, ठराव करा, संस्थेची सही-शिक्का असलेलं पत्र मागा. मालकी लगेच देता येत नसेल तर कोणत्या तारखेला गटाच्या नावावर करणार ते पत्रात येऊ द्या. पत्रावर गटाचं नाव बँक पासबुकावर आहे अगदी तसंच हवं. शेड कोणाच्या जागेत आहे तेही आत्ताच कागदावर आणा. नाहीतर मालक भाऊबंदकीत भांडतात आणि कुलूप आपल्या गिरणीला लागतं.

‘फार विचारलंत तर दुसऱ्या गावाला देऊ’, असं कोणी म्हणालं तर? घाबरू नका. कंपनीला हा पैसा खर्च करायचाच आहे. आणि सीएसआरवर किती खर्च केला हे तिला वार्षिक अहवालात जाहीर करावं लागतं. मंजूर प्रकल्प कंपनीच्या वेबसाइटवर टाकावे लागतात. घरातल्या कॉलेजच्या पोरीला मोबाइलवर शोधायला सांगा. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, पण तिला तो नक्की वाचता येईल. आपल्या गावाचं जे काम लिहिलं असेल ते गावात दिसतं का, हे ग्रामसभेत विचारता येतं.

मदत मागायची असेल तर? कायदा सांगतो की कंपनीने तिचं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. ही सक्ती नाही, पण अर्जाला आधार नक्की आहे. तेव्हा आधी आपल्या एमआयडीसीतल्या, साखरपट्ट्यातल्या कंपन्यांची नावं काढा. एका गटाने जाण्यापेक्षा ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज करा. त्यात गटांची संख्या, बँकेच्या कर्जफेडीचा दाखला आणि कच्चा माल कुठून येणार ते लिहा. शेवटी एक ओळ न विसरता घाला: ‘यंत्राची मालकी गटाकडे द्यावी.’