ई-रीडर आणि ११ सप्टेंबरच्या आठवणी

६ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकेत ॲमेझॉनने ‘किंडल पेपरव्हाइट’ हा नवा ई-रीडर जाहीर केला. त्याच दिवशी कॅनडाच्या ‘कोबो’नेही आपली नवी यंत्रे पुढे आणली. खोलीतला दिवा घालवूनही वाचता येईल असा पडदा, हे त्या आठवड्यातले मोठे आकर्षण होते. पुढच्याच मंगळवारी ११ सप्टेंबर आला. २००१ मध्येही त्या तारखेला मंगळवारच होता. न्यूयॉर्क, पेंटागॉन आणि पेनसिल्व्हेनियातील शँक्सव्हिल येथे त्या सकाळी दहशतवाद्यांच्या विमानहल्ल्यांत २,९७७ निरपराध माणसे मारली गेली. सामान्य माणसांनी आपल्या आठवणी थेट संगणकावर उतरवल्या आणि त्या तशाच जतन झाल्या, असे मोठ्या प्रमाणावर प्रथम घडले ते याच दिवसाबाबत. त्यामुळे त्या कशा लिहिल्या, कुठे ठेवल्या आणि कशावर वाचल्या, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

ई-रीडरचा पडदा मोबाइलच्या पडद्याहून मुळातच वेगळा असतो. १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात. त्यांच्यावरचे विद्युतभार परस्परविरुद्ध असतात. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाशी जातात. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, ती खर्च होते पान उलटताना. म्हणून एका चार्जिंगवर यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. शिवाय वाचताना डोळ्यांवर येतो तो पडद्यावरून परावर्तित झालेला प्रकाश, कागदावरून येतो तसाच. पेपरव्हाइटमध्येही दिव्यांचा उजेड कडेकडून पडद्याच्या पृष्ठभागावर पसरवला होता. असा पडदा असलेला पहिला ई-रीडर, सोनीचा ‘लिब्रिए’, २००४ मध्ये जपानमध्ये आला. किंडल २००७ मध्ये.

२००४ च्याच जुलैमध्ये ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो छापील पुस्तक म्हणून विकला गेला आणि पीडीएफ रूपात विनामूल्यही मिळाला. परंतु पीडीएफचे पान ठरावीक मापाचे असते. सहा इंची पडद्यावर त्यातली अक्षरे मुंगीएवढी होतात. ईपब या खुल्या स्वरूपात मजकूर पडद्याच्या मापाने स्वतःला बसवून घेतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. वयस्कर वाचकांसाठी ई-रीडरची खरी देणगी हीच आहे.

अहवालात घटनाक्रम सापडतो. माणसांनी तो दिवस कसा अनुभवला, हे मात्र त्यांच्याच शब्दांत वाचावे लागते, आणि तिथे स्मरणशक्तीचा प्रश्न येतो. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये असे मांडले, की केनेडींच्या हत्येसारखी धक्कादायक बातमी कळली तो क्षण मनात छायाचित्रासारखा ठसतो. विल्यम हर्स्ट, एलिझाबेथ फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तपासून पाहिली. हल्ल्यानंतर लगेचच त्यांनी अमेरिकेच्या निरनिराळ्या शहरांतील ३,००० हून अधिक लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि एक, तीन व दहा वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. आठवणींत सर्वांत जास्त बदल पहिल्या वर्षातच झाला होता. पुढे त्या बऱ्याच स्थिरावल्या, पण बदललेल्या रूपात. आपण कुठे होतो हे लोकांना बऱ्यापैकी आठवत होते; आपल्याला तेव्हा काय वाटले, हे त्यांनी सर्वांत जास्त चुकीचे सांगितले. तरीही स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास ढळला नव्हता. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही नंतर सांगितले, की फ्लोरिडातील शाळेत वर्गात जाण्यापूर्वी त्यांनी पहिले विमान इमारतीवर आदळताना दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या सकाळी ते चित्रण कोणत्याही वाहिनीवर दाखवले गेले नव्हते. यात खोटेपणा शोधणे अन्यायाचे ठरेल. मन पुढे पाहिलेली दृश्ये मागच्या क्षणात मिसळते.

म्हणूनच लवकर लिहिलेली आठवण मोलाची. जॉर्ज मेसन विद्यापीठ आणि सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क येथील इतिहासकारांनी हे ओळखून २००२ मध्ये ‘सप्टेंबर ११ डिजिटल अर्काइव्ह’ उभे केले. ईमेल, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि लोकांनी स्वतः लिहिलेले अनुभव मिळून दीड लाखाच्या आसपास नोंदी त्यात जमल्या. २००३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा संग्रह स्वीकारला. इतिहासकारांनी दाखवलेली ही तत्परता असामान्य होती.

ई-रीडरवर अशी सुरक्षितता नाही. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुधा वापराचा परवाना असतो. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे ॲमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या होत्या. नंतर कंपनीने माफीही मागितली. वाचायला हे यंत्र उत्तम, पण जतनाचे काम ग्रंथालयांचे आणि अभिलेखागारांचेच.

मराठीत अडचण आणखी एक आहे. किंडलवर मराठी पुस्तकांची विक्री २०१६ च्या अखेरीस सुरू झाली, आणि तिथे मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या दिवसांबद्दल त्या काळात संगणकावर जे मराठी लिहिले गेले, ते जुन्या फाँटमध्ये आहे. तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. ज्यांच्याकडे अशा फाइली किंवा हस्तलिखिते असतील, त्यांनी ती युनिकोडमध्ये आणून घ्यावीत आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाकडे द्यावी.