मुक्या रुग्णांची शाळा

परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या या शिक्षणात विद्यार्थ्याला न बोलणाऱ्या रुग्णाचे दुखणे ओळखावे लागते. गाय रवंथ करते का, तिचे कान थंड पडले आहेत का, कुत्रा कोणत्या पायावर भार टाकत नाही, हे पाहतच तो निदानापर्यंत पोहोचतो.

मृत्यूची गाठही लवकर पडते. पार्व्होच्या संसर्गाने ग्रासलेले, सलाईन लावून रात्रभर जपलेले पिल्लू पहाटे जाते. असाध्य वेदनेतील प्राण्याला इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देण्याची वेळही पशुवैद्यावर येते. अशा वेळी धन्याचे सांत्वन करता करता स्वतःचे दुःख आतच राहते. मग सहाध्यायांशी बोलणे आणि रानावनातील सहली उपयोगी पडतात. तेथे दिसणारे हरिण कोणाचाही रुग्ण नसते. त्याला नुसते पाहायचे असते.

वाचा गेलेल्या वा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कपाळावरची आठी, उडालेली अन्नवासना, कूस बदलताना आखडणारे अंग ही वेदनेची भाषा असू शकते. ती टिपून ठेवावी व डॉक्टरांना सांगावी. आणि आठवड्यातून काही तास शुश्रूषेचा भार दुसऱ्यावर सोपवून झाडांच्या सावलीत फिरून यावे. त्यात अपराध मानू नये. शुश्रूषा करणारे मन ताजे राहिले, तरच रुग्णाचे मौन त्याला ऐकू येते.