रानाखालील जमीन पाहणारे किरण

बोरिवली, मुलुंड आणि अंधेरी या उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे जंगल पसरले आहे. तुळशी व विहार हे तलाव याच डोंगरांच्या कुशीत असून, विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काठ सोडला. तत्पूर्वी जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगर वस्तीवर दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली होती. डोंगराचा उतार आधीच जाणून घेणे किती निकडीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

विमानातून घेतलेल्या छायाचित्रात दाट रानाचे केवळ शेंडे दिसतात. जमीन झाकलेली राहते. लायडार पद्धतीत विमानातून दर सेकंदास हजारो लेसर किरण खाली सोडतात व ते परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. एक किलोमीटर उंचीवरून निघालेला किरण सेकंदाच्या सुमारे दीड लाखाव्या भागात परततो. काही किरण शेंड्यांवरून परततात, तर पानांच्या फटींतून गेलेले काही जमिनीला भिडून येतात. हे दुसरे किरण निवडून काढले, की झाडी बाजूस सारल्याप्रमाणे भूपृष्ठाचा नकाशा तयार होतो. पानगळीच्या दिवसांत अधिक किरण जमिनीपर्यंत पोहोचतात.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २०२० साली वॅपकॉस या सरकारी कंपनीकडे वनक्षेत्रांची अशी पाहणी सोपविली. जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा राज्यांच्या अहवालांत महाराष्ट्राचाही समावेश होता. रानातच पाणी व चारा वाढावा आणि वन्य पशूंनी वस्तीकडे वळू नये, हा तिचा हेतू.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा नकाशा हाती आल्यास प्रथम माथा, मग उतार व शेवटी ओहोळ या क्रमाने समतल चर व दगडी बांध यांच्या जागा ठरवाव्यात. तथापि लेसर जमिनीची उंची सांगतो, मातीची खोली सांगत नाही. त्यासाठी खड्डा खणूनच पाहावे. आणि पावसात झरे कोठे फुटतात, हे त्या डोंगरावर वावरणाऱ्या आदिवासी बांधवांना व शेतकऱ्यांना विचारावे. नकाशा नसेल तेथे पाणी भरलेली पारदर्शक नळीही समपातळी बिनचूक दाखविते. चर वीतभर चुकला, तरी पाणी नेमके तेथेच फुटते आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध घेऊन जाते.