बहिर्जींचा चित्रपट

मराठीत हेरपट नाहीच, असा निकाल आमची समीक्षक मंडळी दर दोन-चार वर्षांनी देऊन टाकतात आणि मी दर वेळी त्यांच्याशी भांडतो. भालजी पेंढारकरांनी १९४३ साली 'बहिर्जी नाईक' काढला, तेव्हा जेम्स बाँडची पहिली कादंबरीसुद्धा यायला दहा वर्षं होती. शिवाजी महाराजांच्या एका हेराचं नाव चित्रपटाला द्यावं आणि ते नाव वाचून लोकांनी तिकीट काढावं, हे मराठीत इतक्या आधी होऊन गेलं आहे. मग नाही काय? नाही ती ओळख ठेवण्याची सवय.

हिंदीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 'फर्ज' (१९६७), 'आँखें' (१९६८), 'एजंट विनोद' (१९७७), 'सुरक्षा' (१९७९) ही सगळी रांग. गाणी गोड, यंत्रं लाल दिव्यांची, खलनायकाचा अड्डा जमिनीखाली. मी ते सगळं आवडीनं पाहिलं. पण त्यात हेरगिरी किती? जवळजवळ नाही. हेराचं खरं काम वाट पाहण्याचं, मोजण्याचं आणि योग्य माणसाच्या कानापर्यंत योग्य बातमी वेळेत पोचवण्याचं. ते पडद्यावर दाखवायला धीर लागतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईकांनी वाचनालयांची कपाटंच्या कपाटं भरून रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्याकडे निर्माते वळले असते तर आज हा लेख वेगळा झाला असता. असो.

आता माझ्या आवडीच्या चित्रपटाकडे येतो. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिग्पाल लांजेकरांचा 'फत्तेशिकस्त' आला. त्याआधी २०१८ मध्ये त्यांच्याच 'फर्जंद'मध्ये पन्हाळ्याची मोहीम येऊन गेली होती. साठ मावळ्यांनी गड घ्यायचा तर आतली बित्तंबातमी हवीच. म्हणून मृण्मयी देशपांडेची केसर तिथे होती. पुढे 'फत्तेशिकस्त' लोकांनी ऐतिहासिक चित्रपट म्हणून पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि विसरले. परीक्षणं आली ती तलवारबाजी, पोशाख आणि संवाद यांवर. जाहिरातीत 'सर्जिकल स्ट्राइक' हा शब्द होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष शेवटच्या वारावर गेलं. माझं म्हणणं इतकंच की त्या वाराच्या आधीचं सगळं पाहा. तो हेरपट आहे, आणि आपल्याकडे झालेल्या चांगल्या हेरपटांपैकी एक आहे.

मुळात विषयच तसा. शायिस्तेखान १६६०च्या फेब्रुवारीत आमच्या नगरहून निघाला आणि मे महिन्यात पुण्यात शिरला. महाराजांच्या लहानपणीच्या लाल महालातच त्यानं मुक्काम ठोकला. भोवती प्रचंड फौज. तिथे ५ एप्रिल १६६३च्या रात्री मूठभर माणसं घेऊन शिरायचं आणि जिवंत परत यायचं. रमजानचा महिना. दिवसभराचा उपास सोडून पहारेकरी, नोकरचाकर सुस्तावलेले. वाट स्वयंपाकघरातून. तिथून जनानखान्याकडे जाणारा मार्ग विटा रचून बुजवलेला. त्या विटा काढायच्या, भगदाड पाडायचं, आणि आवाज झाला की सगळं संपलं. खानाची तीन बोटं सर्वांना पाठ आहेत. मला त्या विटा महत्त्वाच्या वाटतात. भिंत कुठली, तिच्यापलीकडे कोण झोपतं, आचारी कधी उठतात, चौकीवर वाजंत्री कोण वाजवतं, हे कुणीतरी आधी महिनोन्महिने टिपून ठेवल्याशिवाय ती रात्र घडत नाही. त्या कुणीतरीची गोष्ट चित्रपट सांगू पाहतो, म्हणून तो मला प्रिय आहे.

बहिर्जी झाला आहे नगरचा हरीश दुधाडे. आमच्या गावचा म्हणून मी कौतुक करतो असं कुणी म्हणेल, म्हणू दे. हेराची भूमिका करणाऱ्या नटापुढे मोठा पेच असतो. तो प्रेक्षकांच्या नजरेत भरला पाहिजे आणि गोष्टीतल्या शत्रूच्या नजरेत अजिबात भरता कामा नये. दुधाडे हे अंग आक्रसून, नजर खाली ठेवून साधतो. महाराजांपुढे (चिन्मय मांडलेकर) मात्र तोच माणूस ताठ उभा राहून बोलतो. दोन्ही देहबोलींतला फरक पाहायला मी तो चित्रपट पुन्हा लावतो. मोगलांच्या बाजूची रायबाघन आहे तृप्ती तोरडमल. तिचे वडील मधुकर तोरडमल आमच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवत. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' लिहिणारे तेच. एकाच हेरपटात दोन नगरी धागे निघावेत, याचा मला मनापासून अभिमान आहे.

उणिवा आहेत. घोषणा जास्त, पार्श्वसंगीत फार. जिथे शांतता हवी तिथे ढोल येतात. आणि हाच दोष पुढे वाढत गेला. 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' हे चित्रपट आले, त्यांत शौर्य आहे, ऊर भरून येतो. पण कान टवकारून बसावं अशी जागा कमी होत गेली. इतर निर्मात्यांची तर गोष्टच सोडा. आज ऐतिहासिक चित्रपट म्हणजे संथ गतीत उडणारी धूळ आणि कानठळ्या. ज्या राजानं वेड पांघरून पेडगावला जाण्याची युक्ती आमच्याच श्रीगोंदे तालुक्यात बहादूरखानावर चालवली, थोडी फौज दाखवून त्याला छावणीबाहेर ओढलं आणि मागून खजिना व घोडे नेले, त्याचं डोकं पडद्यावर दिसेनासं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट तर अजून कुणी उचललेलीच नाही. १६७९चा नोव्हेंबर. जालना लुटून महाराज लुटीच्या ओझ्यानिशी परतत होते. रणमस्तखानानं गाठलं, सिधोजी निंबाळकर पडले, पुढून आणखी मोगल फौज येत होती. तेव्हा बहिर्जींनी आडवाटा पत्करल्या. तीन दिवस, तीन रात्री ती फौज त्यांच्या भरवशावर चालत राहिली आणि अकोले तालुक्यातल्या पट्ट्यावर सुखरूप पोचली. बखरकार सभासदानं हे लिहून ठेवलं आहे. महाराज तिथे विसावले, म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. यात गाणं नको, दरबार नको. एक वाटाड्या, थकलेली घोडी, मागावर खान, आणि पुढची खिंड मोकळी आहे की नाही हे फक्त एका माणसाला माहीत. दोन तासांचा चित्रपट तयार आहे. पट्ट्याला जायला आता चांगला रस्ता आहे; कुणा दिग्दर्शकाला यायचं असेल तर वाट दाखवायला मी येतो.