कुलूप नसलेले सभागृह

सांस्कृतिक केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक मोठे सभागृह उभे राहते. रंगमंच, मखमली पडदा, खुर्च्यांच्या रांगा. कार्यक्रम असला की दिवे लागतात, संपला की दाराला कुलूप. पण एवढ्याने केंद्र होते का? मला वाटते, नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे मराठीतले मोठे भावकवी. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३०च्या दशकात तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या वाटचालीत या तबकडीचे नाव आजही घेतले जाते. 'शीळ' याच नावाचा कवितासंग्रह मात्र १९५४ साली आला. म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी कविता घरोघर पोहोचली होती. पुढे १९८६ साली 'खूणगाठी'साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मेहकरच्या कवितेला गायक भेटला, हे तिचे भाग्य. पण अशा किती कविता वहीतच राहिल्या असतील? जी भेट एरवी योगायोगाने होते, ती रोज घडावी अशी सोय म्हणजे सांस्कृतिक केंद्र. कवीला गायक भेटावा, चित्रकाराला कागद आणि रंग मिळावेत, मुलाला पुस्तक आणि शंका विचारायला कोणी जाणते माणूस मिळावे.

अशी सोय उभी राहिल्याचे आपल्या शेजारच्या राज्यात दिसते. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी १९८२ साली 'भारत भवन' सुरू झाले. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी इमारत उतारात बसवली आणि वर मोकळ्या गच्च्या ठेवल्या. आत चित्र-शिल्पांचे दालन, नाट्यमंडळी, कवितेचे ग्रंथालय आणि संगीताचा संग्रह. तिथल्या कलादालनाची धुरा चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्याकडे होती. त्यांच्या चमूला पाटनगढ या खेड्यात घरांच्या भिंती रंगवणारा एक गोंड तरुण दिसला. त्याला भोपाळला आणले, कागद आणि रंग दिले, छापचित्रांच्या कार्यशाळेत काम दिले. तो जनगढसिंह श्याम. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली आणि त्याच्यामागून गोंड चित्रकारांची एक पिढी उभी राहिली. हे नुसत्या इमारतीने झाले नाही. कोणीतरी खेड्यापर्यंत गेले, म्हणून झाले.

आपल्याकडे भारत भवन कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. त्याची गरजही नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्यानुसार गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. बुलढाणा शहरात गर्दे वाचनालय आहे, तालुक्यातालुक्यांत लहान वाचनालये आहेत. जागा आहे, पुस्तके आहेत. तिथेच एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. त्यात हार्मोनियम, तबला, रंग, एक साधे सूक्ष्मदर्शक ठेवा. मुख्य म्हणजे, येणाऱ्याचे स्वागत करणारा एक माणूस ठेवा. इमारतीला पैसा एकदाच लागतो, माणसाला दरमहा लागतो. आणि गाडी अडते ती नेमकी इथेच.

सूक्ष्मदर्शक कशाला, असे वाटेल. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हटले, कोणी अपशकुन. पाण्याचे नमुने तपासणीसाठी बाहेर गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्याने हे घडले. उत्तर मिळाले, आनंद आहे. पण लोणार-मेहकरच्या मुलांनी तोच थेंब आपल्या वाचनालयातल्या काचेखाली पाहिला असता, तर? त्यातल्या एकाने त्या रंगाचे चित्र काढले असते, दुसरीने गाणे रचले असते, तिसरा पुढे संशोधक झाला असता. ज्ञान आणि कला यांची घरे वेगळी नाहीत, ती अशी एकाच थेंबात भेटतात.

तेव्हा आपल्या गावात सभागृहाची मागणी करताना आणखी एक प्रश्न विचारा. कार्यक्रम नसेल त्या दिवशी ते उघडे असेल का? उत्तर 'हो' असेल, तरच ते केंद्र. नाहीतर ती नुसती इमारत.