बीमवरून पडल्यावर नेमके किती गुण जातात?

५ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बॅलन्स बीमची अंतिम फेरी. सिमोन बाइल्स पडली, सुनिसा लीही पडली. चीनच्या झोउ याछिनचा तोल इतका गेला की तिला बीमवर हात टेकावे लागले, पण ती वरच राहिली आणि १४.१०० गुणांनी रौप्यपदक घेऊन गेली. बाइल्स १३.१०० गुणांसह पाचवी. सुवर्ण मिळालं इटलीच्या अलिचे दामातोला, नीटस आणि न डगमगलेल्या संचासाठी. हे पाहून बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला: पडलं की संपलं.

आपल्याकडे लहान मुलींच्या स्पर्धांनाही प्रेक्षक हाच चष्मा लावून बसतात. मुलगी बीमवरून खाली आली की पालकांचा चेहरा पडतो, आणि त्यानंतर तिने केलेलं काहीच त्यांना दिसत नाही. म्हणून हिशेब आधी समजून घेऊ.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमांत गुणांचे दोन भाग असतात. डी स्कोअर म्हणजे काय काय केलं आणि ते किती कठीण होतं. ई स्कोअर म्हणजे ते कसं केलं. तो १० पासून सुरू होतो आणि चुकीगणिक खाली येतो. लहान चुकीला ०.१०, मध्यम चुकीला ०.३०, मोठ्या चुकीला ०.५० आणि पडण्याला १.००. बीमवर तोल सावरताना हात किंवा धड किती हललं यानुसार ०.१०, ०.३० किंवा ०.५० जातात. पडू नये म्हणून बीम धरला तर ०.५०. म्हणजे बीम धरणं आणि पडणं यांतला फरक अर्ध्या गुणाचा. पॅरिसमध्ये झोउ आणि बाइल्स यांच्यातलं अंतर मात्र पूर्ण एका गुणाचं होतं. बाकीचा फरक पडण्याने नाही, इतर गोष्टींनी घडवला.

पडण्याची किंमत कायम हीच नव्हती. जुन्या दहा गुणांच्या पद्धतीत पडण्याला ०.५० जायचे. २००६ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा ०.८० झाले आणि २००९ पासून १.००. जुन्या पद्धतीतलं एक उदाहरण पडण्याने खचणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगावं असं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा पॉल हॅम व्हॉल्टवरून उतरताना असा कोलमडला की जवळजवळ पंचांच्या टेबलावर जाऊन आदळला. तो बाराव्या स्थानावर घसरला. उरलेल्या साधनांवर त्याने जे केलं त्यावर त्याला सर्व साधनांच्या एकूण गुणांचं सुवर्ण मिळालं, अवघ्या ०.०१२ गुणांच्या फरकाने.

अमेरिकेत, जिथे अनेक मराठी घरांतल्या मुली आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी जिममध्ये असतात, तिथला हिशेब वेगळा आहे. तिथली डेव्हलपमेंट प्रोग्रॅमची पद्धत लेव्हल १ ते १० अशी चढत जाते आणि गुण कमाल १० मधूनच मोजले जातात. तिथे पडण्याला १.०० नाही, ०.५० जातात. बीमवर तोल गेल्याबद्दल ०.३० पर्यंत, गुडघे वाकल्याबद्दल ०.३० पर्यंत, पाय एकमेकांपासून सुटल्याबद्दल ०.२० पर्यंत. त्यामुळे न्यू जर्सीतल्या भाचीला ९.१ मिळाले आणि ठाण्यातल्या पुतणीला ११.४, तर कोण सरस हे या आकड्यांवरून ठरत नाही. दोन आकडे दोन वेगळ्या मापांचे आहेत.

याच पद्धतीत एक काल्पनिक हिशेब मांडून पाहा. पहिली मुलगी एकदा पडली: ०.५०. बाकी संच स्वच्छ, किरकोळ चुकांचे ०.४० गेले. तिचे गुण ९.१. दुसरी मुलगी एकदाही पडली नाही. पण चार वेळा डगमगली, प्रत्येकी ०.२० म्हणजे ०.८०. दोन उड्यांत गुडघे वाकले, त्याचे ०.३०. पायाचे पंजे सैल, लय तुटलेली, त्याचे आणखी ०.३०. तिचे गुण ८.६. प्रेक्षकांत बसलेल्याला वाटतं की न पडलेली मुलगी मागे कशी, पंचांनी नक्की पक्षपात केला. पक्षपात नाही. पडणं सगळ्यांना दिसतं, वाकलेला गुडघा फक्त ज्याची नजर तयार आहे त्याला दिसतो.

याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे दोन हालचालींमधला थांबा. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे एक छोटं डगमगणं पडण्याएवढं महाग पडू शकतं. वरच्या पातळीवर बीमच्या संचात हवेत झेप घेणाऱ्या दोन ॲक्रोबॅटिक हालचाली न थांबता एकापाठोपाठ एक करणं बंधनकारक असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत ही अट पूर्ण केल्याचे डी स्कोअरमध्ये ०.५० मिळतात. समजा मुलीने बॅक हँडस्प्रिंग घेतली, पाय बीमवर आले, उजवा खांदा किंचित खाली गेला, तिने हात पसरून क्षणभर तोल धरला आणि मग दुसरी झेप घेतली. टाळ्या वाजल्या, कारण ती पडली नाही. पण त्या क्षणभराच्या थांब्याने दोन हालचालींची जोडणी तुटली. तोल गेल्याचे ०.१० किंवा ०.३० गेलेच, वर अटीचे ०.५० गेले आणि जोडणीचा काही बोनस असेल तर तोही गेला. या उलट दोन्ही झेपा सलग घेऊन, दुसऱ्या झेपेत पाय बीमवर टेकवून मग जी पडली, तिचे १.०० जातात पण अट पूर्ण झालेली असते. अमेरिकी पद्धतीतही वरच्या लेव्हल्सना प्रत्येक विशेष अटीला ०.५० आहेत, म्हणजे तिथे तुटलेली जोडणी एका पडण्याच्या बरोबरीची. सरावात कोच ‘थांबू नकोस, थांबू नकोस’ असं का ओरडत असतात, त्याचं उत्तर इथे आहे.

यातूनच आणखी एक समज तपासता येतो: पडलेली हालचाल मोजतच नाहीत. मोजतात, पण कधी पडलात त्यावर ते अवलंबून असतं. पाय आधी टेकले आणि मग तोल गेला, तर हालचालीचं डी स्कोअरमधलं मूल्य मिळतं. पाय टेकण्याआधीच गुडघ्यावर किंवा पाठीवर आलात तर पडण्याचे १.०० जातात आणि मूल्यही जातं. अनइव्हन बार्सवर बार सोडून परत पकडण्याच्या हालचालीत दोन्ही हातांनी बार पकडला गेला आणि मग हात सुटला, तर मूल्य मिळतं. एकाच हाताने पकडला किंवा नुसती बोटं लागली तर नाही. व्हॉल्टचा नियम याहून कठोर आहे: पाय आधी टेकलेच नाहीत तर उडीला थेट शून्य.

मग कठीण उडी घ्यायची, पडलो तरी चालेल, असा हिशेब कुणी करत असेल का? केलेला आहे. प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टवरची पुढे दोन कोलांट्यांची उडी. तिचं काठिण्यमूल्य ७.० होतं, तेव्हा ती पूर्ण पेलता न येणाऱ्या खेळाडूंनीही ती घेतली, कारण पडूनही गुण बरे उरायचे. पुढे महासंघाने तिचं मूल्य ६.४ वर आणलं, आणि ते योग्यच झालं. मान आणि पाठ पणाला लागणाऱ्या उडीत असा मोह ठेवू नये. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरला मात्र या रांगेत बसवू नये. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली ती याच उडीच्या शेवटी खूप खोल बसली, पण आधी पाय टेकवून. त्या उडीला १५.२६६ मिळाले, दोन उड्यांची सरासरी १५.०६६ आली आणि कांस्य १५.२१६ वर गेलं. अंतर ०.१५०. सरासरी दोन उड्यांची असल्याने दोन्ही मिळून ०.३००, म्हणजे एका मध्यम चुकीएवढं.

लहान मुलांसाठी कमाल दहाचीच चौकट असावी असं मला ठामपणे वाटतं. तिथे कठीण उडीचं आमिष नसतं, त्यामुळे कोचला आधी गुडघे सरळ करून घ्यावे लागतात.

कोचने हात लावून सावरलं तर ते पडणं नाही, असंही समजलं जातं. पडणं नसेलही, पण फुकट नाही: आंतरराष्ट्रीय नियमांत अशा मदतीचा १.०० दंड आहे आणि त्या हालचालीचं मूल्यही मिळत नाही. शेजारी नुसतं उभं राहणं वेगळं. बार्सजवळ ते चालतं.

फ्लोअरवर तर पडण्याचा संबंधही नसताना पदकं हलतात. पॅरिसमध्ये बीमनंतर त्याच दिवशी बाइल्सचे दोन वेळा दोन्ही पाय रेषेबाहेर गेले, प्रत्येकी ०.३०. ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेने १४.१६६ गुणांनी सुवर्ण घेतलं, बाइल्स १४.१३३ वर राहिली. अंतर ०.०३३, दंड ०.६०.

निकाल पटला नाही म्हणून ‘ती एवढी डगमगली नव्हती’ असा आक्षेप घेता येत नाही. चौकशीची मागणी फक्त डी स्कोअरबद्दल करता येते. ई स्कोअरवर अपील नाही. तिथे अनेक पंचांचे गुण घेऊन टोकाचे वगळतात आणि मधल्यांची सरासरी काढतात, हेच संरक्षण.

पडल्यानंतरच्या वेळेबद्दल मुलांना कमी सांगितलं जातं, आणि त्याचा तोटा पुढच्याच मिनिटात होतो. बीमवर पुन्हा चढायला १० सेकंद मिळतात, बार्सवर ३०. हा वेळ मुलगी उठून पायांवर उभी राहिल्यावर सुरू होतो, पडल्याक्षणी नाही. बीमच्या संचाचं ९० सेकंदांचं घड्याळही तेवढ्यापुरतं थांबलेलं असतं. त्या वेळात हाताला चॉक लावता येतो, कोचशी बोलता येतं. वेळ संपेल या भीतीने धडपडत लगेच वर चढलेली मुलगी श्वास न घेता पुढची उडी घेते, आणि दुसऱ्यांदा पडली की पुन्हा पूर्ण १.०० जातात.