तीन राजीनामे आणि एक पुसलेला मतदारसंघ

महाराष्ट्राच्या विधानसभेच्या नकाशावर आज लाखांदूर सापडत नाही. तालुका आहे, तहसील कचेरी आहे, नगरपंचायत आहे. आमदार मात्र लाखांदूरच्या नावाचा नाही. 2004ची निवडणूक ही ‘लाखांदूर’ या नावाने झालेली शेवटची. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने 2001च्या जनगणनेच्या आधारे नवी आखणी केली. तोवर भंडारा जिल्ह्यात तुमसर, भंडारा, अड्याळ, साकोली आणि लाखांदूर असे पाच मतदारसंघ होते, त्यांचे तीन उरले. अड्याळ आणि लाखांदूर गेले. विदर्भाच्या 66 जागांच्या 62 झाल्या आणि तिकडे ठाणे जिल्ह्याच्या जागा जवळजवळ दुप्पट झाल्या. जिथे माणसे वाढली तिथे आमदार वाढले आणि जिथली पोरे कामासाठी नागपूर-पुण्याकडे निघून गेली तिथले आमदार कमी झाले. हिशेब कायद्याने चोख आहे. पण त्यामुळे साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे तीन तालुके 62 क्रमांकाच्या एकाच मतदारसंघात कोंबले गेले आणि वैनगंगेच्या काठावरच्या गावांना आपला आमदार दुसऱ्या तालुक्याच्या नावाने ओळखावा लागला.

या पुसलेल्या मतदारसंघाने राज्याच्या राजकारणाला दिलेले ठळक नाव म्हणजे नाना पटोले. 1999 आणि 2004 असे दोनदा ते लाखांदूरमधून काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आले. पुढे पक्ष बदलले, मतदारसंघ बदलला, सभागृह बदलले. त्यांची कारकीर्द सांगताना बहुतेक जण पदांची यादी सांगतात: आमदार, खासदार, विधानसभा अध्यक्ष, प्रदेशाध्यक्ष. मला ती यादी उलट्या बाजूने वाचावीशी वाटते, म्हणजे त्यांनी सोडलेल्या पदांवरून. 2008 साली आमदारकी, 2017 साली खासदारकी, 2021 साली विधानसभेचे अध्यक्षपद. महाराष्ट्रात खुर्चीला चिकटून राहणाऱ्यांची वाण नाही. खुर्ची सोडून मोठा होणारा नेता विरळा, आणि तो धानाच्या मुलखातून यावा याला कारण आहे.

तो मुलूख आधी बघायला हवा. पश्चिमेला वैनगंगा, नदीपलीकडे ब्रह्मपुरी, दक्षिणेला वडसा, पूर्वेला अर्जुनी मोरगाव. साकोलीकडून येणारी चुलबंद याच तालुक्यात वैनगंगेला मिळते. काही भागाला इटियाडोह धरणाचे पाणी, बाकी तलाव, बोड्या आणि आभाळ. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी शेजारच्या पवनी तालुक्यात झाली. त्या वर्षी जन्मलेला पोरगा बाप झाला तरी कालव्याची कामे सुरूच होती. वर नदीकाठच्या गावांना पुराचा धाक. ऑगस्ट 2020मध्ये वैनगंगा फुगली तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडाला, त्यात हा तालुकाही सापडला.

इथे पीक एकच, धान. परे (रोपे) टाकायचे, रोवणी करायची, बांधीत पाणी धरायचे, दिवाळीच्या मागेपुढे हलका धान कापायचा आणि नंतर भारी. एवढे झाले की मग खरे हाल सुरू होतात, आधारभूत खरेदी केंद्रावर. सातबारा ऑनलाइन चढला का, नोंदणी झाली का, बारदाना आला का, गोदाम रिकामे आहे का, काटा कधी होणार, आणि काटा झाल्यावर चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, कधी. 40 किलोचा कट्टा. 2017-18च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 1550 रुपये होता, म्हणजे कट्ट्यामागे 620. केंद्र उघडायला उशीर झाला की उधारीवाला दारात उभा राहतो आणि तोच धान व्यापाऱ्याच्या काट्यावर पडेल त्या भावाने जातो. कापसाचा शेतकरी देशाला माहीत झाला, कारण यवतमाळच्या आत्महत्यांनी पत्रकार तिकडे नेले. धानवाल्याची जमीन तुकड्यातुकड्यांची आणि दुःखही तसेच. बातमी होण्याइतके ते एका जागी साचत नाही. अशा ठिकाणी आमदाराकडून लोकांची पहिली अपेक्षा असते ती त्याने आवाज करावा ही. रस्ता-पूल नंतर.

पटोलेंना आवाज करता येत होता. साकोली तालुक्यातल्या सुकळीचे, कुणबी शेतकरी घरातले, नागपूर विद्यापीठात विद्यार्थी चळवळीत घडलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सानगडी गटातून ते भंडारा जिल्हा परिषदेत गेले. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, रात्री नाटक असते, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो. वडसा तर झाडीपट्टी रंगभूमीची राजधानीच. इथला पुढारी या मंडपांमधून तयार होतो. रात्री दहाला एका गावात नाटकाचे उद्घाटन, बाराला दुसऱ्या गावात. हातात माइक, समोर थंडीत घोंगडी पांघरून बसलेले लोक. तिथे मोजूनमापून बोलणारा चालत नाही. पटोलेंची भाषा या मंडपांतली आहे आणि मुंबईच्या वाहिन्यांना ती वारंवार वाद म्हणून सापडली. जानेवारी 2022मध्ये लाखनी तालुक्यातल्या प्रचारात आपण ‘मोदी’ला मारू शकतो, हे त्यांचे विधान देशभर गाजले. आपण गावातल्या एका गुंडाबद्दल बोललो, हा त्यांचा खुलासा फारसा कुणाच्या गळी उतरला नाही.

पहिला राजीनामा 2008 संपता संपता आला. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार, पटोले सत्ताधारी बाकावरचे. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आपल्याच सरकारविरुद्ध त्यांनी आमदारकी सोडली. त्यात शेतकऱ्याची कळकळ होती तसे गणितही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाखांदूर मतदारसंघ आता राहणार नाही हे तोवर ठरून गेले होते. साकोलीत काँग्रेसचेच सेवक वाघाये आमदार होते, आणि दोन विद्यमान आमदारांना एका खुर्चीवर बसवणे कुठल्याच पक्षाला जमत नाही. म्हणजे परिसीमनाने काढून घेतलेली जागा हातून जायच्या आत पटोलेंनी ती स्वतःच टाकून दिली आणि बदल्यात मोठे मैदान घेतले. 2009ची लोकसभा त्यांनी भंडारा-गोंदियातून अपक्ष लढवली, तीही प्रफुल्ल पटेलांविरुद्ध. हरले, पण 2,37,899 मते घेऊन दुसरे आले. भाजपचा उमेदवार तिसरा. पक्ष नाही, पैसा पटेलांच्या तुलनेत नगण्य, आणि तरी सव्वादोन लाखांवर मते. या आकड्याने भाजपचे दार उघडले. त्याच वर्षी ते भाजपच्या तिकिटावर साकोलीतून विधानसभेत परतले आणि हरवले ते वाघायेंनाच.

2014ला पुन्हा पटेल समोर. या वेळी मोदी लाट होती आणि पटोले सुमारे दीड लाखाच्या फरकाने जिंकले. केंद्रातला वजनदार माणूस सुकळीच्या शेतकऱ्याच्या पोराने पाडला, ही गोष्ट पूर्व विदर्भात अजून रंगवून सांगितली जाते. लाट होती हे सांगणारे सहसा विसरतात.

दुसरा राजीनामा 8 डिसेंबर 2017चा. दुसऱ्या दिवशी गुजरातमध्ये विधानसभेच्या पहिल्या टप्प्याचे मतदान होते. त्याआधी काही महिने पटोलेंनी नागपुरात जाहीरपणे सांगितले होते की खासदारांच्या बैठकीत ओबीसी आणि शेतकऱ्यांचे प्रश्न विचारले तर पंतप्रधानांना राग येतो. भाजपच्या खासदाराने त्या काळात असे बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या खरिपात तुडतुडा किडीने पूर्व विदर्भातला धान उभ्या उभ्या वाळवला होता. मुद्दा खरा होता आणि वेळही अचूक निवडलेली होती. जानेवारी 2018मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले.

या राजीनाम्याची किंमत मतदारांनी मोजली, ती अशी: 28 मे 2018ला, भर उन्हाळ्यात, पोटनिवडणूक. यंत्रे बंद पडली, लोक रांगेत ताटकळले, 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. आणि ज्यांच्या राजीनाम्यामुळे हे सारे घडले ते रिंगणातच नव्हते. आघाडीत जागा राष्ट्रवादीकडे होती. मधुकर कुकडे जिंकले. म्हणजे ज्या प्रफुल्ल पटेलांना पाडून पटोलेंनी जागा मिळवली होती, त्यांच्याच पक्षाच्या झोळीत ती जाऊन पडली. पटोले 2019ला नागपुरात नितीन गडकरींविरुद्ध उभे राहिले, दोन लाखांहून अधिक मतांनी हरले आणि शरद ऋतूत पुन्हा साकोलीला आले. समोर तत्कालीन राज्यमंत्री परिणय फुके. फरक सहा हजारांच्या आसपास.

मग अनपेक्षित काही घडले. महाविकास आघाडी जन्माला आली, भाजपने अध्यक्षपदाचे आपले उमेदवार किसन कथोरे यांचा अर्ज मागे घेतला आणि 1 डिसेंबर 2019 रोजी पटोले बिनविरोध विधानसभा अध्यक्ष झाले. आयुष्यभर आवाज करणाऱ्या माणसाला सगळ्यांना गप्प बसवण्याच्या जागी नेऊन ठेवले. त्या खुर्चीतही ते गप्प बसले नाहीत. 8 जानेवारी 2020ला ओबीसींची जातनिहाय जनगणना व्हावी असा ठराव सभागृहाने मंजूर केला. तो अध्यक्षांनी स्वतः मांडला होता. फेब्रुवारी 2021च्या सुरुवातीला मतयंत्रासोबत मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा करावा, असे निर्देश त्यांनी दिले. अध्यक्षाने असे करावे का, हा वाद रास्त आहे. माझ्या मते तो माणूस त्या खुर्चीसाठी घडलेला नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक असावे.

4 फेब्रुवारी 2021 रोजी तिसरा राजीनामा आला, प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी. पहिल्या दोन राजीनाम्यांचा जमाखर्च मुख्यतः त्यांचा स्वतःचा होता. तिसऱ्याचा सगळ्या राज्याच्या माथी आला. तीन पक्षांचे सरकार नवा अध्यक्ष निवडू शकले नाही. आधी एकमत नव्हते. मग गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला, तर राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी तारीख दिली नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवळ गाडा ओढत राहिले. जून 2022मध्ये शिवसेना फुटली, झिरवळांनी 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या आणि त्यांच्याच अधिकारावर प्रश्न उभा राहून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार पडले. 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि 11 मे 2023च्या निकालानंतर अपात्रतेचा निर्णय त्यांच्याच हाती आला. खुर्ची सुमारे सतरा महिने रिकामी होती. पटोले तिथे असते तर सरकार वाचले असते, असे शिवसेनेच्या ठाकरे गटाने उघड म्हटले. मला हा दावा थोडा ताणलेला वाटतो; चाळीस आमदार फुटल्यावर कोणता अध्यक्ष सरकार तारतो? पण कारवाई कोणाच्या हातात राहिली असती, हा प्रश्न उरतोच. आणि रिकामी जागा वर्षभर भरता न येणे हा काही एकट्या पटोलेंचा दोष नव्हे.

प्रदेशाध्यक्ष म्हणून त्यांनी स्वबळाचा नारा दिला आणि मित्रपक्षांना घायाळ केले. मे 2022मध्ये त्यांच्या घरच्या अंगणातच त्याचा तमाशा झाला. गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी भाजपबरोबर गेली, तर भंडाऱ्यात काँग्रेसने भाजपच्या फुटीर गटाला हाताशी धरून अध्यक्षपद पटकावले. दोन्ही पक्ष एकमेकांना खंजीर दाखवत होते आणि मुंबईत एकाच मंत्रिमंडळात बसत होते.

2024च्या लोकसभेत काँग्रेसने राज्यात लढवलेल्या 17पैकी 13 जागा जिंकल्या, त्यात भंडारा-गोंदियाही होती. पटोलेंचे नाव मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेत येऊ लागले. पाच महिन्यांनी विधानसभेत काँग्रेस 16वर आली आणि साकोलीत, ऐनवेळी भाजपच्या तंबूत आलेल्या अविनाश ब्राह्मणकरांविरुद्ध, प्रदेशाध्यक्ष 208 मतांनी वाचले. 96,795 विरुद्ध 96,587. राज्यातल्या सर्वांत निसटत्या विजयांपैकी हा एक. राज्यभर हेलिकॉप्टरने फिरणाऱ्या नेत्याला घरच्या तीन तालुक्यांनी एवढेच बजावले. फेब्रुवारी 2025मध्ये प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळांकडे गेले. या खेपेला मात्र पद जाणे हा डाव नव्हता. पराभवाचा हिशेब होता.

लाखांदूरला यातून काय मिळाले? धानाच्या बोनसकडे पाहिले तर थोडे कळते. महाविकास आघाडीच्या काळात क्विंटलला 700 रुपये बोनस होता, 50 क्विंटलच्या मर्यादेत, म्हणजे शेतकऱ्याला जास्तीत जास्त 35,000. 2022-23मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पद्धत बदलली: हेक्टरी 15,000, दोन हेक्टरपर्यंत, पुढच्या वर्षी हेक्टरी 20,000. व्यापारी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला धान खपवून बोनस लाटतात, हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पक्ष कोणताही असो, बोनस द्यावाच लागतो, ही या भागाची कमाई आहे. त्यात एकट्या पटोलेंचा वाटा किती हे कोणी मोजू शकणार नाही. पण धानवाल्यांच्या नावाने सतत आरडाओरड करणारे जे मोजके पुढारी होते, त्यांत ते होते. हंगाम संपताना चुकाऱ्यासाठी बँकेत चकरा मारणे मात्र बोनस कसाही मोजला तरी चुकत नाही.

1 जुलै 2025 रोजी पावसाळी अधिवेशनात पटोले पुन्हा चर्चेत आले. भाजप आमदार बबनराव लोणीकर आणि तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या शेतकऱ्यांविषयीच्या विधानांवर मुख्यमंत्र्यांनी माफी मागावी अशी मागणी करत ते थेट अध्यक्षांच्या आसनाजवळ चढले. नार्वेकरांनी त्यांना दिवसभरासाठी निलंबित केले. विरोधकांनी सभात्याग केला. लाखांदूर तालुक्यात तेव्हा रोवणीचे दिवस होते.